हँडल, गाद्या, गोळा

(दृश्य: अंधारात फक्त एक हँडल. हळूहळू उजेड.)

नीट बघा या हँडलकडे. सायकलचंच आहे. दोन मुठी, दोन्ही बाजूंना एकेक बटण. पण खाली चाक नाही, ब्रेकची वायर नाही, घंटी नाही. एका उभ्या खोक्यातून ते बाहेर आलंय. वर पडदा. पडद्यावर अमेरिकेतल्या कुठल्याशा उपनगराचा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून सायकलवर निघालेला पेपर टाकणारा पोरगा.

पार्लरमधला हा व्हिडिओ गेम, नाव ‘पेपरबॉय’. अटारी गेम्स ही अमेरिकी कंपनी, १९८५. सोमवार ते रविवार, रोज एक फेरी. ज्यांनी पेपर लावलाय त्यांच्या दारात पेपर पडला पाहिजे. पेटीत पडला तर जास्त गुण. हँडल पुढे ढकललं की सायकल सुसाट, मागे ओढलं की हळू. कुत्रा मागे लागला की खेळणारा नकळत हँडलवर वाकतो आणि दात आवळून पुढे रेटतो.

पुढे हाच गेम घरच्या कॉम्प्युटरवर आला. रस्ता तोच, कुत्रा तोच, पेपरही तोच. हँडल तेवढं गेलं, तिथे जॉयस्टिक आली. माझ्या मते हँडलबरोबर अर्धा गेम गेला. त्या गेलेल्या अर्ध्याची ही गोष्ट.

(दृश्य: हिरव्या रेषांचे डोंगर, काळं आकाश.)

या हँडलचं घराणं शोधायला गेलं की आपण पोचतो १९८० मध्ये. अटारीनं त्या वर्षी ‘बॅटलझोन’ काढला. मशीनला पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखं एक तोंड होतं. त्यात डोळे घालायचे की बाहेरचं जग बंद. आत काळोख, हिरव्या रेषांनी आखलेले डोंगर, आणि समोरून येणारा रणगाडा. हाताशी दोन दांडे. आपणही रणगाड्यातच. डावा दांडा त्याच्या डाव्या पट्ट्याचा, उजवा उजव्याचा. दोन्ही पुढे ढकलले की सरळ पुढे. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी गिरकी. पोकलेन चालवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही, त्याचे पट्टे असेच चालतात.

हा गेम अमेरिकी सैन्याशी संबंधित लोकांच्या नजरेत भरला. ब्रॅडली नावाच्या चिलखती गाडीवरच्या तोफचीला शिकवण्यासाठी याचंच एक रूप बनवून द्या, अशी मागणी आली. गेम रचणारे एड रॉटबर्ग यांचा त्याला विरोध होता. तरी काम त्यांनीच केलं. त्यासाठी एक नवं हँडल तयार झालं, दोन्ही हातांनी धरायचं, डावी-उजवीकडे वळणारं आणि वर-खालीही झुकणारं. ते प्रशिक्षणाचं यंत्र नमुन्याच्या पुढे काही गेलं नाही. हँडल मात्र अटारीत राहिलं.

१९८३ मध्ये तेच, थोड्या फरकानं, ‘स्टार वॉर्स’च्या मशीनला बसलं आणि पोरं त्यानं अवकाशयान चालवू लागली. मग त्यातच बदल करून सायकलचं हँडल झालं. तोफचीच्या हातासाठी घडलेली वस्तू पाचएक वर्षांत पेपर टाकणाऱ्या पोराच्या हातात आली. मला या साखळीचं फार अप्रूप वाटतं. ते हँडल हातात धरलं की त्या अनोळखी कारागिरांचे हात त्याच्या आत आहेत असं वाटत राहतं.

(दृश्य: दाराला पडदा लावलेला गाळा. आतून आवाज.)

आता थोडं आपल्याकडे येतो.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीच्या टोकाला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. दारावर जाड पडदा, आत उकाडा, प्लायवूडची खोकी आणि काउंटरवर टोकन देणारे काका. ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ हे नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्याचं नाव मुस्तफा, म्हणून गेमचंही नाव मुस्तफा. तिथली सगळी मशीनं एकाच साच्यातली. एक जॉयस्टिक, वर लाल लट्टू, बाजूला बटणं. ‘स्ट्रीट फायटर’ला तेवढी सहा बटणं होती. तीन वर, तीन खाली. वरची ठोशांची, खालची लाथांची. सहाच का, असा प्रश्न तेव्हा पडला नाही. आम्हाला फक्त आपला नंबर कधी येतो ते हवं होतं.

उत्तर १९८७ मध्ये आहे. कॅपकॉम या जपानी कंपनीचा पहिला ‘स्ट्रीट फायटर’. त्याच्या मूळच्या मोठ्या मशीनवर सहा बटणं नव्हतीच. दोन जाड गाद्या होत्या, एक ठोशाची, एक लाथेची. आत हवेचा दाब मोजायची सोय. हळू दाबली तर हलका फटका, जोरात हाणली तर जबरदस्त. मग लोकांनी काय केलं असेल? मूठ वळली आणि सगळ्या ताकदीनिशी हाणली. हात दुखावू लागले, मशीनं खिळखिळी होऊ लागली. तेव्हा कॅपकॉमनं त्या जोराचे तीन भाग केले: हलका, मध्यम, जोराचा. ठोशाला तीन, लाथेला तीन. झाली सहा बटणं. १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर टू’नं तीच मांडणी जगभर नेली, आमच्या गल्लीतल्या प्लायवूडपर्यंत. आम्ही ज्या सहा बटणांवर बोटं झिजवली, ती त्या दोन गाद्यांची वाटणी होती. हे कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत बसलो होतो.

(दृश्य: मोटारसायकल. कॅमेरा मागून पुढे.)

१९८५. जपानची सेगा कंपनी, यू सुझुकी नावाचे तरुण रचनाकार, आणि ‘हँग-ऑन’. मशीन म्हणजे अख्खी मोटारसायकल. सीटवर टांग टाकून बसायचं. वाऱ्याच्या काचेच्या जागी पडदा. उजव्या मुठीत ॲक्सिलरेटर, समोर ब्रेकचा लिव्हर. आणि वळण आलं की सगळी गाडी अंगाखाली वाकवायची. मांडीनं, कमरेनं, स्वतःच्या वजनानं. आत गाडी वाकवणारी मोटर नाही, सरळ करणाऱ्या स्प्रिंगा आहेत. किती वाकली हे मोजतो एक पोटेन्शिओमीटर, जुन्या रेडिओत आवाज कमी-जास्त करायच्या बटणामागे असतो तसा. एवढ्याशा भागानं माणसाच्या अंगाचा झोक विजेत उतरवला आणि पडद्यावरचा रस्ता कलला.

जपानमध्ये अशा गेमना ‘ताइकान’ म्हणू लागले, म्हणजे शरीराला जाणवणारे. ‘स्पेस हॅरियर’ची खुर्ची मोटरवर हलायची, ‘आफ्टर बर्नर’ची तर अख्खी कॉकपिट. १९९० मध्ये ‘आर-३६०’ आलं, माणसाला पट्ट्यांनी बांधून पार उलटं फिरवणारं. ते बघायला थरारक आहे. तरी माझा जीव ‘हँग-ऑन’वरच आहे. तिथे गाडी वाकवायची जबाबदारी खेळणाऱ्याच्या अंगावर होती, आणि दुसऱ्या दिवशी मांड्या दुखायच्या त्या त्याच्याच.

एक मशीन मात्र असं आहे की ज्याच्यासाठी मी प्रवास करायला तयार आहे. अटारीचं ‘फायर ट्रक’, १९७८. चित्र काळं-पांढरं, अगदी साधं. पुढे एक खेळाडू बसतो. त्याच्याकडे स्टिअरिंग, पायाखाली पेडल. त्याच्या सीटच्या मागे दुसरा उभा राहतो, आणि त्याच्या हातात दुसरं स्टिअरिंग. पुढचा गाडी चालवतो, मागचा तिची लांब शेपटी सांभाळतो. अमेरिकेतल्या शिडीच्या लांब बंबाला खरोखरच असा मागचा चालक असतो. दोघांनी मिळून एकच गाडी न्यायची, म्हणजे बोलावंच लागतं. ‘डावीकडे घे! अरे, डावीकडे!’ मागच्याचं तोंड पुढच्याच्या कानाशी. एकट्यासाठी अटारीनं ‘स्मोकी जो’ नावाचं वेगळं मशीन काढलं. चित्रं जवळपास तीच, पण कानाशी ओरडणारं कुणी नाही. ‘फायर ट्रक’चा प्रोग्राम आज लॅपटॉपवर चालवता येतो. सीटमागची ती उभं राहायची जागा कुठून आणायची?

(दृश्य: टेबलावर उघडलेलं मशीन. हातात ब्रश.)

म्हणून काही माणसं मशीनच जपतात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये लॅकोनियाला ‘फनस्पॉट’ नावाचं पार्लर आहे, शिकागोजवळ ब्रुकफील्डला ‘गॅलपिंग घोस्ट’. तिथे जुनी मशीनं काचेआड नाहीत, चालू आहेत, आणि चालू ठेवायची म्हणजे रोज हात काळे करायचे.

हा ट्रॅकबॉल बघा, जॉयस्टिकच्या जागी तळहातानं फिरवायचा गोळा. ‘सेंटिपीड’चा आहे, १९८१, डोना बेली आणि एड लॉग यांचा गेम. गोळा वरून अर्धाच दिसतो. खाली तो दोन रोलरवर आणि एका बेअरिंगवर टेकलेला असतो. प्रत्येक रोलरच्या टोकाला खाचांची चकती. चकती फिरली की खाचांमधून प्रकाश लुकलुकतो आणि मशीन ते लुकलुकणं मोजतं. जुना गोळीवाला माऊस उलटा धरला तर हेच. याआधीच्या ‘अटारी फुटबॉल’वर, १९७८ मध्ये, गोळा इतका जोरात फिरवावा लागायचा की खेळणाऱ्यांच्या तळहातांना फोड यायचे.

आता रोलरवर हा काळा थर दिसतोय? धूळ, तेल, आणि तळहातांचा घाम. किती पोरांचा, कोण जाणे. तो ओल्या फडक्यानं नाही निघत, नखानं खरवडावा लागतो. मग बेअरिंग काढायचं, धुवायचं, एकच थेंब तेल. गोळा परत जागेवर. वरची पट्टी, चार स्क्रू.

आणि तळहातानं एक ढकल.

(दृश्य: हात बाजूला. गोळा फिरतोय. आवाज फक्त बेअरिंगचा.)