फुगवटा दंडात, अडथळा छातीत

श्रोतेहो, नमस्कार. 2019च्या पुरात सांगलीकरांनी पाहिलं, नदी घरापासून लांब, पण पाणी नाल्यातून उलटं दारात. पुढं निचऱ्याला वाट नसली की मागं फुगवटा चढतो. डायलिसिसच्या काही पेशंटच्या हातात हेच होतं.

तासगावकडच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. डावा हात खांद्यापर्यंत सुजलेला. ब्लाउजच्या बाहीची शिवण दंडापाशी उसवून घेतलेली. घरच्यांना वाटलं, सुई चुकीची टोचली. लेप झाले, क्रेप बँडेज झालं. मी पाहिलं, तर त्याच बाजूला खांद्यावर, छातीवर निळ्या शिरा, द्राक्षाच्या ओलांड्यावरून काड्या फुटाव्यात तशा. विचारलं, "मावशी, या बाजूला आधी मोठ्या शिरेत डायलिसिसची नळी होती का?" "होती की. तीन महिने. फिस्टुला तयार होईस्तोवर."

फिस्टुला म्हणजे हातातली धमनी शिरेला जोडून केलेली वाट. शीर जोरकस होते, मशीनला मिनिटाला 250-300 मिली रक्त मिळतं. पण हे सगळं रक्त गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतूनच हृदयाकडे परततं. तिथं नळी महिनोन् महिने राहिली की श्वासागणिक आतलं अस्तर घासतं, वण धरतो, शीर आकसते. नुसत्या हाताचं रक्त कसंबसं निघून जातं. फिस्टुलाचा लोंढा आला की अडतं. हाडाखालून घातलेली नळी यात जास्त वाईट, म्हणून गळ्याची उजवी बाजू बरी. हे पेशंटपेक्षा आम्हा डॉक्टर मंडळींनी आधी ऐकायला हवं. पेसमेकरची तारही असाच उपद्व्याप करते.

हात सुजणं, सुई काढल्यावर रक्त लवकर न थांबणं, मशीनवर परतीचं प्रेशर चढणं, कधी तोंड सुजणं, यातलं काही दिसलं तर लेप लावत बसू नका. हाडामागचं सोनोग्राफीत नीट दिसत नाही. शिरेची अँजिओग्राफी करावी लागते.

मावशींच्या फिस्टुलातूनच बारीक तार घातली, अडलेल्या जागेपलीकडे नेली, तिच्यावरून फुगा. पडद्यावर फुगलेल्या फुग्याला मधे कंबर दिसते. तीच आकसलेली जागा. दाब वाढवला, मावशींनी दात आवळले, छातीत मिनिटभर चांगलंच दुखलं, आणि कंबर सुटली. एक-दोन दिवसांत सूज उतरायला लागली.

हे कायमचं मात्र नाही. सहा महिने-वर्षात शीर पुष्कळदा पुन्हा आकसते, पुन्हा फुगा लागतो. वारंवार झालं तर स्टेंट. पण स्टेंटही आतून भरू शकतो, म्हणून पहिल्याच झटक्यात तो मागू नका. तार जातच नसेल, तर कधी फिस्टुला बांधून टाकावा लागतो; सूज जाते, पण डायलिसिसची जागाही जाते. आणि तपासणीत शीर आकसलेली दिसली, पण त्रास काहीच नाही? तर सहसा हात लावत नाहीत. ताणलेली शीर पुढं जास्तच आकसू शकते.

किडनी हळूहळू निकामी होतेय असं कळलं, की मशीन लागायच्या आधीच फिस्टुला करून घ्या; पिकायला दीड-दोन महिने जातात. तेवढ्यात नळी टळते.

मावशी आठ महिन्यांनी परत आल्या. या खेपेला बाही नुसती घट्ट झाली होती, शिवण शाबूत होती.