गाव दाखल करून घेताना

मंडळी, नमस्कार. ग्रंथालय सप्ताहानिमित्त वाचनाची गोडी या विषयावर मी बोलावे, असे ठरले होते. कार्यकारिणीची परवानगी घेऊन मी विषय थोडा वळवला आहे. आपल्या वाचनालयातल्या एका वहीविषयी मी आज बोलणार आहे.

पुस्तक आले की ते आधी दाखल नोंदवहीत चढते. क्रमांक, तारीख, लेखक, किंमत, कुठून मिळाले, एवढे लिहायचे, शिक्का मारायचा आणि मग पुस्तक कपाटात लावायचे. नोंद झाली नाही तर पुस्तक कपाटात असूनही नसल्यासारखे. ग्रंथपाल म्हणून इतकी वर्षे मी ती वही भरत आले. सात वर्षांपूर्वी तिच्या शेजारी मी दुसरी एक वही ठेवली. तिच्यात पुस्तके नाहीत. तिच्यात आपला गाव आहे.

तिच्यातली पहिली नोंद एका गुलाबी कागदाची आहे. जत्रेतल्या नाटकाचे हँडबिल. अंत्रुज महालात, म्हणजे आपल्या गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, जत्रा आणि नाटक यांची फारकत कधी झालीच नाही. देवाची पालखी फिरून आली की रात्री मराठी नाटक, तेही गावच्याच पोरांनी बसवलेले, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. हे हँडबिल एका घरात देव्हाऱ्याखालच्या फडताळात अंथरलेले होते. त्यावर तिथी होती, वार होता, 'नाटक ठीक दहा वाजता सुरू होईल' असे होते. सन मात्र नव्हते. ज्यांच्यासाठी ते छापले त्यांना सन सांगायची गरजच नव्हती.

मग ते कोणत्या वर्षाचे? खुर्चीचा दर एस्कुदोत होता. गोव्यात रुपया जाऊन एस्कुदो आला १९५९ साली, एका रुपयाला सहा एस्कुदो या हिशेबाने. आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर तोही गेला. म्हणजे एस्कुदोतला दर छापलेली जत्रा तीनच वर्षांतली असणार. जुनी पंचांगे काढून बसलो. त्या तिथीला तो वार तीनपैकी एकाच वर्षी पडत होता, १९६१ ला. मुक्तीच्या आधीची ती शेवटची जत्रा! कागदाच्या तळाशी, सेन्सॉरने तपासल्याची बारीक टायपातली पोर्तुगीज ओळ होती. त्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून जायची, तिथे नाटकाचे हँडबिल कसे सुटेल?

तो कागद मी गावातल्या एका आजोबांना दाखवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि नावांवरून बोट फिरवत गेले. नायिकेच्या नावावर बोट थांबले. "हांव," म्हणजे मी, एवढेच म्हणाले. त्यांना दिसत कमी होते, पण त्यातले पद त्यांनी तिथेच म्हणून दाखवले, स्त्रीच्या भूमिकेतल्या आवाजात. घरातल्या सुनेने ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकले.

दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, हे जगाला ठाऊक आहे. पण आपल्या गावच्या जत्रेत ऑर्गनवर कोण बसायचे, पडदे कोणी रंगवले, प्रॉम्प्टिंग कोण करायचे, हे कोणत्याही ग्रंथात नाही. ते या अशा कागदांवर आहे, आणि हे कागद रद्दीत जात आहेत. एका संस्थेने सभागृहाला रंग काढताना नाटकाच्या वह्यांनी भरलेली ट्रंक अंगणात नेऊन जाळली. मला कळले तेव्हा राखही पावसाने वाहून गेली होती. त्यांनी ते दुष्टपणे केले नाही. जुना कचरा म्हणून केले. त्या ट्रंकेत काय काय होते याची कुठे एक ओळही नव्हती, आणि हेच मला आजही बोचते.

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची स्थापना १८३२ ची. देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत ते मोडते आणि आज केळशीचे जुने कवी कृष्णदास शामा यांचे नाव लावते. सोळाव्या शतकात साष्टीत बाटवाबाटवी सुरू झाली तेव्हा त्याच केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देव वाचले, पोथ्या बहुतेक गेल्या. त्या काळातल्या मराठी-कोंकणी कथांच्या रोमन लिपीतल्या प्रती कुठे सापडल्या, तर पोर्तुगालमध्ये ब्रागा शहराच्या ग्रंथालयात, ७७१ ते ७७३ क्रमांकांच्या बाडांत. कोणी त्यांवर क्रमांक घातला होता म्हणून शोधणाऱ्याला त्या मिळाल्या. एवढ्या लांबच्या कपाटात आपली भाषा टिकली आणि आपल्या माळ्यावर टिकू नये, हे मला सोसत नाही.

१९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले, धर्मस्वातंत्र्य मिळाले, आणि लगेच मडगावला १९११ मध्ये गोमंत विद्या निकेतन, पणजीला १९१३ मध्ये सरस्वती मंदिर या संस्था उभ्या राहिल्या. गावोगावी वर्गणी काढून वाचनालये निघाली. त्या लोकांना ठाऊक होते की शाळेत पोरगे पोर्तुगीज शिकेल, मराठी मात्र आपल्यालाच सांभाळायला हवी. आपले वाचनालय त्याच जातकुळीतले.

आता धालोविषयी, म्हणजे पौषातल्या रात्री मांडावर, गावाच्या त्या ठरलेल्या अंगणात, बायका गात नाचतात त्याविषयी. आमची कल्पना अशी की बायकांना इथे सभागृहात बोलवावे, चांगला माइक लावावा आणि गाणी मुद्रित करावीत. मांडावरच्या सर्वांत वयस्क बाईंनी साफ नाही म्हटले. धालो मांडावरच, पौषातच, रात्रीच. सभागृहात म्हटली तर ती गाणी होतील, धालो नव्हे. त्यांचे बरोबर होते, आणि हे आम्हाला आधी कळायला हवे होते. मग पौषात आपल्या कॉलेजातल्या दोन मुली शेणाने सारवलेल्या त्या अंगणात रात्रभर बसल्या. समोरासमोर दोन फांती, म्हणजे ओळी, कमरेत हात गुंफलेले, वाकत पुढे यायचे आणि मागे सरायचे. मुलींनी फोन बाजूच्या तुळशीवृंदावनावर ठेवला होता. पहाटे एका गाण्याआधी त्या बाई म्हणाल्या, "हें नाका." मुलींनी फोन बंद केला. त्या गाण्यासमोर आपल्या वहीत लिहिले आहे : 'ध्वनिमुद्रण नाही, मांडाच्या इच्छेनुसार.' ती नोंद मला फार मोलाची वाटते. काही गोष्टी गावाच्या असतात, वाचनालयाच्या नसतात.

आठवी-नववीच्या मुलांचे काम तर अजून चालूच आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी कागदावर, शेत ओळखायचे ते सर्व्हे नंबराने; गाव मात्र ते नावाने ओळखतो. मुले म्हाताऱ्यांबरोबर बांधाबांधाने फिरली आणि नावे लिहून आणली. खाजन, मळ, सडा अशा वेगवेगळ्या जमिनींतल्या एकेका तुकड्याचे नाव. कुठे पावसाळ्यानंतरचे वायंगण पिकायचे, कुठे पावसाळ्यातले सरद. एका मुलाने नमशी हे नाव आणले आणि विचारले, बाई, हे काय? पूर्वी देवळाच्या सेवेकऱ्यांना लावून दिलेली जमीन ती नमशी. म्हणजे आता झुडपे माजलेल्या त्या जागेवर कधीकाळी देवळातल्या वाजंत्र्याचे घर जगले असेल. तो मुलगा त्या जागेवरून रोज सायकलने जातो.

मोडीच्या वर्गाचे मोठे काही सांगण्यासारखे नाही. दहाजण आले, चौघे टिकले. पण शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली अक्षरे सुटी करायला ते चौघे शिकले, आणि देवळाच्या जमाखर्चाच्या वह्या हळूहळू वाचू लागले. तेवढे पुरे आहे.

आता कळकळीने एक सांगते. घरी जुना कागद सापडला तर त्याला चिकटपट्टी लावू नका. पहिल्या वर्षी मीच एका हँडबिलाच्या घडीवर लावली होती. तीन पावसाळ्यांत ती तांबूस झाली, डिंक कागदात उतरला, आणि घडीवरची ओळ गेली. त्या ओळीत तबलजीचे नाव होते. आता ते कोणालाच आठवत नाही. लॅमिनेशनही नको. ऊन दाखवायचे म्हणून कडक उन्हात टाकू नका; सावलीत, वारा लागेल असे पसरा. भिंतीला लागून ठेवू नका, आपल्याकडच्या पावसात भिंत पाझरते आणि वाळवी तिथूनच चढते. फोटोच्या मागे पेनने लिहू नका. मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने, काठाला नावे लिहा. आणि ती आजच लिहा, कारण फोटोतली माणसे ओळखणारे घरात बहुधा एकच माणूस उरलेले असते.

वाचनालयाला मूळ कागद द्यायलाच हवा असे नाही. आम्ही फोटो काढून घेऊ आणि कागद तुमच्या हातात परत देऊ. वहीत तुमच्या घराचे नाव, वाडा, कोणी आणले, त्यांनी काय सांगितले, हे त्यांच्याच शब्दांत लिहिले जाईल. कोंकणीत सांगितले तर कोंकणीत.

येत्या रविवारी सकाळी नऊपासून वाचनालय उघडे आहे. पेटी असेल तशी आणा. घरी झाडू-पुसू नका, धुळीसकट आणा. ज्यांना चालवत नाही त्यांनी शेजारच्या पोराकडून निरोप पाठवावा, आम्ही वही घेऊन तुमच्या पडवीत येतो. त्या आजोबांच्या नाटकातले आणखी दोघे गावात आहेत असे ऐकते. त्यांच्याकडे मी उद्याच जाणार आहे.