भंगार कशाला म्हणायचं?

मंडळी, समोर दारूखान्याचे, कळंबोलीचे व्यापारी बसलेत, जालन्याचे भट्टीवाले आलेत, आणि न्हावा शेवा बंदरात रोज बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयातीचं घोषणापत्र, भरणारी सीएचए मंडळी, म्हणजे कस्टमचे दलालही आहेत. भंगार तुम्ही वासावरून ओळखता. अडचण एवढीच की बाजारातलं भंगार आणि कस्टमचं भंगार एक नाही, आणि बंदरात कंटेनरचा डबा अडकतो तो या फटीतच. करारात काय लिहून घ्यायचं हा आजचा विषय आहे, पण आधी ही फट बघू.

बाजारात जुनं, गंजलेलं, किलोवर विकलं जाणारं ते भंगार. कायदा वय विचारत नाही, गंज विचारत नाही, भावही विचारत नाही. टॅरिफच्या, म्हणजे आयातशुल्काच्या दरपत्रकाच्या, पंधराव्या विभागातली आठवी टीप काढून वाचा. धातूचा सगळा कचरा, आणि मोडल्यामुळे, कापल्यामुळे, झिजल्यामुळे किंवा इतर कारणाने आहे त्या रूपात ‘निश्चितपणे’ वापरता न येणारी वस्तू. या ‘निश्चितपणे’वर माझा सगळा जोर आहे. झिजलेला रूळ घ्या. गाडी त्यावरून जाणार नाही, हे कबूल. पण खाणीत टेकू म्हणून तो उभा राहतो, किंवा न वितळवता रोलिंग मिलमध्ये लाटून त्याचा दुसरा माल होतो. म्हणून तो ७२०४ या लोखंडी भंगाराच्या शीर्षकात बसत नाही, ७३०२ या रेल्वेमार्गाच्या सामानाच्या शीर्षकात जातो. घासून पुन्हा धार लावता येणारी कानसही भंगार नाही. वस्तू जुनं काम करू शकते का, दुसरं एखादं काम करू शकते का, वितळवल्याशिवाय तिचं काही बनतं का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं, तरच ७२०४.

आता एक वीस फुटी डबा डोळ्यांसमोर आणा. कागदावर ‘एचएमएस १ आणि २, ८०:२०’, म्हणजे हेवी मेल्टिंग स्क्रॅपच्या दोन प्रती, ८० आणि २० टक्के. सील तोडलं, दार उघडलं. पुढे कातरलेल्या प्लेटा, अँगलचे तुकडे, सगळं ठीक. दोन मीटर आत गेल्यावर खालच्या थरात साडेपाच मीटरचे पाइप. टोकं सरळ, कुठे चेपलेले नाहीत, वरवरचा गंज. अधिकाऱ्याला टेप काढायचीही गरज नाही. त्यातून पाणी जाईल, नाहीतर कुंपणाचा खांब होईल. मग हा माल पाइपच्या शीर्षकात. शुल्क वेगळं, पोलादाच्या गुणवत्ता आदेशामुळे बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, प्रमाणपत्राचा प्रश्न वेगळा, आणि वर कस्टम कायद्यातलं चुकीच्या घोषणेचं कलम १११ (एम). जप्त माल सोडवण्याची कलम १२५ ची रिडेम्प्शन फाइन, कलम ११२ चा दंड, शिवाय डबा ठेवलेल्या सीएफएस गोदामाचं भाडं आणि डबा परत न केल्याबद्दल शिपिंग लाइनचं डिटेन्शन रोज चढत असतं.

आणि हे सगळं टळतं लोडिंग यार्डात, एका गॅस कटरने! इस्रीचं, म्हणजे अमेरिकेतल्या भंगार व्यवसायाच्या संस्थेचं, २०० नंबरचं एचएमएस १ चं वर्णन बघा: जाडी पाव इंच किंवा जास्त, तुकडा साठ बाय चोवीस इंचांच्या आत. (२०२४ मध्ये त्या संस्थेने नाव बदललं, बाजार अजून इस्रीच म्हणतो.) एचएमएस २ ला जाडी अष्टमांश इंच. हे माप भट्टीत माल भरण्यासाठी आहे, कस्टमसाठी नाही. तरी पाइप पाच फुटांवर कापला आणि चेपला, तर वाद उरत नाही. नुसता कापून भागत नाही, कारण पाच फुटांचा सरळ पाइपही कुणाच्यातरी कामाचा असतो. चेपायला सांगा.

इथे कलम २४ ची आठवण करून देतो, कारण ते वेळेवर कुणाला सुचत नाही. मालकाने मागणी केली तर कस्टमच्या देखरेखीखाली माल निकामी करता येतो, आणि मग तो निकामी अवस्थेतच आला असं धरून शुल्क लागतं. अर्ज पहिल्या तपासणीच्या वेळीच द्या.

स्टेनलेसबद्दल थोडंसं. चुंबक चिकटत नाही म्हणजे स्टेनलेस, हा समज सोडा. क्रशरच्या जबड्याचं मँगनीज पोलादही चुंबकाला चिकटत नाही, ते ७२०४ २९, इतर मिश्र पोलादात. उलट ४३० ग्रेडचं स्टेनलेस चिकटतं, ते ७२०४ २१, स्टेनलेसमध्ये. कसोटी रसायनाची आहे: क्रोमियम साडेदहा टक्के किंवा जास्त, कार्बन १.२ टक्के किंवा कमी. क्रोमियम क्ष-किरणांनी धातू तपासणारी एक्सआरएफ बंदूक सांगते, कार्बन सांगत नाही. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

पुढची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली आहेत. तर करार.

एक, ‘मिक्स स्क्रॅप’ लिहू नका. ग्रेड, कमाल लांबी, आणि ‘वापरण्याजोगा पाइप, बीम, रूळ, प्लेट नको’ हे वाक्य लिहा. दोन, टर्निंग आणि बोरिंग, म्हणजे लेथचा आणि ड्रिलचा कीस, वेगळ्या डब्यात, वेगळ्या ओळीत, ७२०४ ४१ खाली. गठ्ठे बांधले तरी तेच. हा माल ओला, तेलकट असेल तर आपोआप तापतो, म्हणून जहाजावर यूएन २७९३ हा धोकादायक मालाचा नंबर लागतो. दर सारखाच म्हणून सगळं ७२०४ ४९ मध्ये, म्हणजे ‘इतर’ भंगारात, घालू नका. तीन, बंद सिलिंडर, शॉक अॅब्झॉर्बर, कॉम्प्रेसर कापून उघडलेलेच हवेत. २००४ मध्ये गाझियाबादच्या कारखान्यात भंगारातून आलेल्या तोफगोळ्यांचा स्फोट होऊन कामगार गेले. जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीचा दाखला म्हणूनच डब्याच्या आणि सीलच्या नंबरशी ताडून बघा. चार, डबा भरताना अर्धा, पाऊण, पूर्ण अशा तीन टप्प्यांवर फोटो मागा, पैसे त्यानंतरच.

आणि युरोपातून घेणाऱ्यांसाठी. २१ मे २०२७ पासून तिथला कचरा, बिनधोक असला तरी, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाबाहेर फक्त यादीतल्या देशांनाच जाईल. पण युरोपीय संघाच्या ३३३/२०११ नियमाप्रमाणे परकीय पदार्थ दोन टक्क्यांच्या आत ठेवून आणि बाकीच्या अटी पाळून तयार केलेलं भंगार तिथे कचरा राहतच नाही. तो अनुरूपतेचा दाखला पुरवठादार देतो का, हे पुढच्या ऑर्डरलाच विचारा.