पायवाट कुठे जाते?

नमस्कार श्रोतेहो! जून उजाडला की आपल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा नसते. पाठ्यपुस्तकांइतकीच झुंबड गाइडांवर. दहावीला कवितेचं रसग्रहण लिहावं लागतं, आणि गाइडात ते तयार मिळतं. 'कवीने निसर्गाचे विलोभनीय वर्णन केले आहे' हे वाक्य तपासून तपासून माझं लाल पेन झिजलं.

बालकवींची 'औदुंबर' घ्या. अवघ्या आठ ओळी, पण समीक्षक तिच्यावरून पिढ्यानपिढ्या भांडत आलेत. कुणाला त्या झाडात विरक्त साधू दिसतो, कुणाला खिन्नता, कुणाला नुसतं निसर्गचित्र. मग शाळकरी पोरानं एकच अर्थ का घोकायचा?

वर्गात मी अर्थ विचारतच नसे. चित्र काढा म्हणायचो. झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतमळे भराभर व्हायचे. घोटाळा पायवाटेपाशी. बहुतेक जण ती थेट गावात नेऊन सोडायचे. मग ओळ पुन्हा वाचायला लावायची: 'हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.' डोहाकडे? कशाला?

"पाणी भरायला, सर."

"नाही, तिकडे काहीतरी मरणाचं आहे," मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली.

मी खोडलं नाही. एवढंच म्हटलं, ओळीवर बोट ठेव. ती शोधत गेली. आधी सगळं निळं, हिरवं. पायवाट तेवढी पांढरी. मग काळा डोह आणि लगेच पुढच्या ओळीत काळिमा. पुरावा बरा होता. बालकवी १९१८ साली रेल्वे अपघातात गेले, हे सांगायचा मोह मी तेव्हा आवरला. ते कळलं की पोरं कविता सोडून चरित्र वाचू लागतात!

तेवढ्यात दुसरा उठला. "पण सर, काळिमा गोड म्हटलाय. मरण गोड कसं?" झालं, वर्गात दोन तट पडले. अलंकार दुसऱ्या दिवशीवर गेले.

पालक विचारतात, मार्कांचं काय? ओळीवर बोट ठेवायची सवय लागलेलं मूल न पाहिलेली कविता आली तरी गांगरत नाही. पाठ केलेल्या रसग्रहणाचा तिथं काही उपयोग नसतो. घरी कविता दोनदा मोठ्यानं वाचून घ्या. "कवीला काय म्हणायचंय?" हा प्रश्न तूर्त राहू द्या. कोण दिसतंय, कुठे चाललंय, कुठल्या ओळीत, एवढंच विचारा. आणि तेवढा वेळ गाइड कपाटात ठेवा.