वेंडेल स्कॉट यांची ट्रॉफी

नमस्कार श्रोतेहो. आज ऐकू या मोटारशर्यती गाजवणाऱ्या वेंडेल स्कॉट यांच्याविषयी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातलं डॅनव्हिल हे त्यांचं गाव, जन्म १९२१चा. आधी टॅक्सी चालवली, महायुद्धात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन गॅरेज टाकलं आणि रात्री गावठी दारू भरून गाडी पळवली. मागे पोलीस, म्हणजे वेगाचा सराव फुकटात! (मी दारूची तरफदारी करत नाही हं, घरचे ऐकतायत.)

१९६१मध्ये ते नॅसकारच्या, म्हणजे मोटारशर्यती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या, मोठ्या शर्यतींत उतरले. माणूस कृष्णवर्णीय, त्यामुळे काही ट्रॅकवर प्रवेशच नाही. गाडी जुनी, इंजिन स्वतःच उघडायचं, पाना द्यायला घरची मुलं. माझं मत विचाराल, तर बॉनेट उघडता येत नाही त्याने गाडीच्या गप्पा मारू नयेत. पण ते असो.

आता माझा आवडता किस्सा. १ डिसेंबर १९६३, फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. फेऱ्या मोजायच्या माणसांनीच, कागदावर. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या राहिल्या असताना स्कॉट यांनी नामवंत चालक रिचर्ड पेटींना मागे टाकलं. २०० फेऱ्या झाल्या, शर्यत संपल्याचा झेंडा काही हलेना. स्कॉट पळवतायत आपले. आणि विजेते म्हणून नाव पुकारलं बक बेकर या दुसऱ्याच चालकाचं! बेकर किती मागे होते? दोन फेऱ्या. अर्धी फेरी नव्हे, दोन फेऱ्या!

बेकरांनी ट्रॉफी घेतली, फोटो झाले. स्कॉट हटून बसले, पुन्हा मोजा. दोनेक तासांनी अधिकारी म्हणाले, मोजण्यात चूक झाली, जिंकलात तुम्हीच. तोवर प्रेक्षक घरी गेलेले, ट्रॉफीही गेलेली. चूक? विजेत्याच्या गालावर गोऱ्या सुंदरीने ओठ टेकायची तिथली रीत. ते दृश्य टाळायचं होतं, असं स्कॉट यांचं ठाम म्हणणं.

पुढे १९७३मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर मोठा अपघात झाला आणि शर्यती जवळजवळ संपल्याच. नॅसकारच्या या मोठ्या ४९५ शर्यती, त्यांत विजय तो एकच. १९९०मध्ये ते गेले. २०२१च्या ऑगस्टमध्ये डेटोनाच्या ट्रॅकवर नॅसकारने त्यांच्या घरच्यांच्या हाती जॅक्सनव्हिलची ट्रॉफी ठेवली. दुसऱ्या दिवशी स्कॉट शंभर वर्षांचे झाले असते.