आधी कपटा, मग साचा
(वाचनालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी बाइंडर. वडिलांचा धंदा हाच होता आणि तीस वर्षं मीही पुस्तकं शिवतोय. बाइंडरकडे कागद येतो तेवढाच उरतोही. त्या उरलेल्या कागदाची भेटकार्डं कशी करायची आणि त्यासाठी साचा कसा वापरायचा, एवढंच आज मला सांगायचं आहे.

आमच्याकडे उरलेल्या कागदाला कटिंग म्हणतात आणि ते किलोवर रद्दीत जातं. उरतं म्हणजे किती, ते बघा. कव्हरच्या कार्डशीटचा ताव 20 इंच बाय 30 इंचांचा. साध्या डेमी आकाराच्या पुस्तकाचं उघडं कव्हर, कणा आणि छाट धरून, साधारण 12 बाय 9 इंच. त्या तावात अशी चार कव्हरं बसतात. खाली राहते 6 इंच रुंद आणि 20 इंच लांब अशी एक पट्टी, शिवाय 2 इंचांची एक चिंचोळी पट्टी. एका तावाला ही दोन कटिंगं. हजार प्रतींचं पुस्तक म्हणजे अडीचशे ताव, म्हणजे सहा इंची अडीचशे पट्ट्या. कार्डशीट कोरं, जाड, चांगलं. ते रद्दीच्या गोणीत जाताना माझा जीव तुटायचा.

म्हणून काही वर्षांपूर्वी दिवाळीआधी गल्लीतल्या बायकांच्या बचत गटाला घेऊन मी कार्डं करायला बसलो. साचा मी नेहमीच्या मापाचा केला. ए-सिक्स, म्हणजे घडी घातल्यावर 105 बाय 148 मिलिमीटर, बाजारात पाकिटं मिळतात त्या मापाचा. सहा इंची पट्टीतून अशी दोन उघडी कार्डं निघतात आणि साडेतीन इंचांचा तुकडा उरतो. हिशोब चोख बसला होता. दोनशे कार्डं कापली, मधोमध घडी घातली आणि प्रत्येक घडीवर कागद फुटला. वरचा रंगीत थर उकलला आणि आतले पांढरे तंतू दिसायला लागले. बायकांनी इतक्या मनापासून चिकटवलेल्या पणत्या त्या फुटक्या घडीशेजारी बघवेनात.

चूक माझी होती, आणि बाइंडरला ती व्हायला नको होती. यंत्रावर कागद तयार होतो तेव्हा लगद्यातले तंतू यंत्र चालतं त्या दिशेने निजतात. धंद्यात याला ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या बाजूने घडी घातली की कागद सरळ वळतो, आडवी घातली की तंतू मोडतात. कव्हर कापताना ग्रेन कण्याला समांतर ठेवावा लागतो, नाहीतर पुस्तक नीट उघडत नाही. त्यामुळे माझ्या सहा इंची पट्टीत तंतू लांबीच्या दिशेने होते आणि माझ्या साच्याची घडी बरोबर त्यांच्यावर आडवी येत होती. पट्टीला काय हवंय ते न विचारताच मी तिच्यावर साचा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी साचा बदलला. पट्टीची घडी लांबीच्या बाजूनेच घातली आणि 20 इंचांचे तीन भाग केले. कार्ड झालं 3 इंच रुंद आणि साधारण साडेसहा इंच उंच. एका पट्टीत तीन कार्डं, तुकडा उरला नाही, एकही घडी फुटली नाही. उंच कार्डावर समई शोभते, तुळस शोभते, गुढीसुद्धा काठीसकट मावते. त्या दिवसापासून माझ्या मनात एक वाक्य बसलंय : आधी कपटा, मग साचा.

तुमच्या घरचे कपटे माझ्यासारखे एकसारखे नसतील. म्हणून आधी ग्रेन ओळखा. तुकडा दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने तो मुकाट्याने वळेल तीच घडीची दिशा. जाड कागदावर घडीच्या रेषेवर आधी फूटपट्टी धरून संपलेल्या रिफिलचं टोक दाबून ओढा, मग दुमडा. हातकागदाला यातलं काही लागत नाही. पुण्याला शिवाजीनगरात 1940 पासून हातकागद संस्था आहे. हातकागदाचा ताव साच्यात उचलून करतात, त्यामुळे तंतू एका दिशेने निजत नाहीत. शिवाय हातकागदाचा लगदा बऱ्याचदा होजिअरी कारखान्यातल्या सुती कात्रणांचा असतो. म्हणजे तो जन्मालाच कपट्यांतून येतो.

आता दुसरा साचा, जो मला सगळ्यांत जास्त आवडतो. हॉलंडमध्ये लोक जुन्या पाकिटांपासून कार्डं करतात, त्या पद्धतीला आयरिस फोल्डिंग म्हणतात. बँकेचं पाकीट आतून बघितलंय कधी? आतलं पत्र बाहेरून वाचता येऊ नये म्हणून आत निळ्या-करड्या रेघोट्यांची, ठिपक्यांची नक्षी छापलेली असते. पाकीट आपण फाडतो आणि फेकतो, ती नक्षी कुणी बघतच नाही.

साचा असा काढा. कागदावर एक चौकोन आखा. प्रत्येक बाजूवर, एकाच दिशेने फिरत, कोपऱ्यापासून 5 मिलिमीटर पुढे ठिपका द्या. चारही ठिपके जोडा. आत किंचित वळलेला दुसरा चौकोन मिळेल. त्याच्या बाजूंवर पुन्हा तसेच ठिपके, पुन्हा चौकोन, मध्ये छोटंसं भोक उरेपर्यंत. आतल्या चौकोनांच्या बाजूंना फिरत फिरत नंबर द्या : एक, दोन, तीन, चार, मग पाच.

कार्डाच्या पुढच्या पानाला बाहेरच्या चौकोनाएवढी खिडकी कापा आणि ते पान पालथं साच्यावर ठेवा. पाकिटाच्या 2 सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा आणि नक्षी बाहेर राहील अशा लांबीत दुमडा. पहिली पट्टी एक नंबरच्या रेषेवर, दुमडलेली कड मधल्या भोकाकडे, नक्षी खाली. टोकं कार्डाच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीने पक्की. मग दोन, तीन, चार. दर फेरीला भोक लहान होत जातं. शेवटी उरलेल्या भोकावर चॉकलेटची चंदेरी चांदी चिकटवा, मागून कोरा कागद लावा आणि कार्ड उलटा. कॅमेऱ्याच्या भिंगामागचा पडदा मिटताना थांबावा तसा निळा भोवरा समोर येतो. पहिल्यांदा कार्ड उलटताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि यातही कपट्याचंच चालतं. खिडकी किती मोठी ठेवायची ते तुमच्याकडच्या सर्वांत लांब पट्टीने ठरतं. बाहेरच्या फेरीला लांब पट्ट्या लागतात, आत येत जाल तशा आखूड चालतात. म्हणजे बोटाएवढे तुकडेही वाया जात नाहीत, त्यांची जागा मधोमध असते. मला यावरून कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायकांची कवंदी आठवते. जुन्या कापडांच्या तुकड्यांची ती गोधडी त्या कडेपासून शिवायला घेतात आणि फिरत फिरत मध्यापर्यंत येतात. शेवटी कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात. कागद आणि कापड वेगळं, पण उरलेल्या तुकड्याला वळवण्याची ही रीत एकच.

साचा वापरला की कला संपली, सगळ्यांचं सारखंच होतं, असं काही जण मला म्हणतात. मला ते पटत नाही. इंग्लंडमध्ये मेरी डिलेनी नावाच्या बाई होऊन गेल्या. 1772 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, टेबलावरचा लाल कागदाचा तुकडा आणि जिरेनियमची पाकळी यांचा रंग त्यांना सारखा वाटला. त्यांनी तो तुकडा पाकळीसारखा कापला. तिथून पुढे नजर जाईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, काळ्या कागदावर कपटे चिकटवून त्यांनी जवळपास हजार फुलं केली. आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. साचा नाही, नुसती कात्री आणि नजर. पण आयुष्यभर फुलं बघून आणि भरतकाम करून त्यांची नजर तयार झाली होती. आपल्यातल्या बहुतेकांना ती तयार करायची आहे आणि साचा त्याच कामाचा आहे. जुन्या फाइलच्या पारदर्शक कव्हरला कुयरीच्या आकाराचं भोक पाडा आणि ते दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून सावकाश फिरवा. एका जागी हात आपोआप थांबतो. तिथे पदराची किनार आणि आभाळाचा तुकडा नेमके एकत्र आलेले असतात. ती जागा साच्याने शोधली, पण निवड तुमची.

लग्नपत्रिकांबद्दल सांगायलाच हवं, कारण प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतो. कागद उत्तम, पण वर गणपती. त्याच्यावर कात्री चालवायला हात धजत नाही, टाकून द्यायलाही नाही. आम्ही गणपतीभोवती गोल साचा ठेवून अख्खी प्रतिमा काढतो आणि नव्या कार्डाच्या वरच्या बाजूला लावतो. मुळात ती तिथेच होती. सोनेरी फॉइलवर किंवा लॅमिनेशनवर खळ धरत नाही. तिथे पॉलिश पेपरने हलकेच घासा किंवा दुहेरी चिकटपट्टी लावा.

बाकी सगळीकडे खळ. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा. कीड लागू नये म्हणून बाइंडर त्यात मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे. मुलं बसणार असतील तर घालू नका, खळ रोज ताजी करा. अगदी पातळ लावा आणि कार्ड रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा, म्हणजे सुरकुत्या पडत नाहीत.

एक जण मघाशी टपालाचं विचारत होते. आमचं उंच कार्ड 250 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, साधारण साडेसहा ग्रॅम भरतं. कॅलेंडरच्या पानाचं पाकीट धरूनही पत्राच्या पहिल्या 20 ग्रॅमच्या टप्प्यात ते आरामात बसतं. पत्ता मात्र पांढऱ्या चिठ्ठीवर लिहून वर चिकटवा. नाहीतर तारखांच्या गर्दीत पोस्टमनला पिनकोड सापडत नाही.

मागच्या टेबलावर पाकिटांचा ढीग आहे, खिडकी कापलेली चाळीस कार्डं आहेत आणि नंबर घातलेले साचे आहेत. कात्र्या दहाच आहेत, तेव्हा चौघांत एक घ्यावी लागेल. ज्यांना बसायचंय त्यांनी खुर्च्या तिकडे ओढा. आजोबा, तुम्ही खिडकीपाशी बसा, तिथे उजेड चांगला आहे.