शेड तीच, पलटा नवा

धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धीना. तबला शिकलेल्या बहुतेकांना हा कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठरलेली रचना, तोंडपाठ असतो, दिल्ली घराण्याचा. आपण आहोत सोलापुरात, अक्कलकोट रोडकडच्या एका बंद यंत्रमाग शेडमध्ये. इथं चादरींचं प्रदर्शन लागतंय आणि कोपऱ्यात सर तबला घेऊन बसलेत, कारण आर्किटेक्चरच्या या पोरांनी अख्खी मांडणी म्हणे कायद्यावरून केलीय.

म्हणजे काय, तर कायद्याचे पलटे, म्हणजे त्याचेच नवे प्रकार, करताना बाहेरचा एकही बोल घ्यायचा नाही, आहेत तेच बोल मागंपुढं करायचे, कुठं दोनदा घ्यायचे, कुठं तोडायचे. पोरांनी तोच नियम स्वतःला लावून घेतला. शेडमध्ये पडलेले बीमचे, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळायच्या रुळांचे, लोखंडी स्टँड तेवढे वापरायचे, नवीन प्लायवूड आणायचं नाही. पहिल्या खणात स्टँड लांब लांब, दुसऱ्यात तिरके, तिसऱ्यात इतके जवळ की मोराची चादर जाता जाता खांद्याला लागते.

आणि हा खण बघा, रिकामा. आता सरांचा डग्गा, डाव्या हाताचा, ऐका, ताता तिटला गप्प बसतो ती खाली, मग धाधाला परत घुमतो ती भरी. इथं पण काही टांगलं नाही, नुसता वरून येणारा उजेड. छप्पर करवतीच्या दातांसारखं, काचा उत्तरेकडं, म्हणून वर्षातले बरेच महिने थेट ऊन आत येत नाही. कामगाराला तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली सोय ही, पण चादरीचा खरा रंग बघायला याहून बरा उजेड कुठला? म्युझियम बांधताना असं छप्पर मुद्दाम करतात, आपल्याकडं ते आयतं उभंय.

ही मुलगी फरशीवर खडूनं काढतेय ते जयपूरचं जवाहर कला केंद्र, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं. 30 मीटरचे नऊ चौकोन, सगळे सारखे, त्यातला एक जागेवरून सरकवलाय आणि आत शिरायची वाट तिथंच केलीय. बाकीचे आठ शिस्तीत आहेत म्हणून तो नववा जाणवतो. सर बघून म्हणाले, "पलटा चांगलाय."

शेवटच्या खणात एकच नक्षी तीनदा लावलीय, तबल्यात शेवटी एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येतात तशी तिहाई, तिसरी बरोबर दारात.

शेजारची शेड पाडून प्लॉट पडलेत. ही महिन्यापुरती मिळालीय. पुढच्या वेळी याच स्टँडवर चित्रं लावायची असं पोरं म्हणतायत, शेड राहिली तर.